किलोमीटरला चार बोटं

ऑपरेशनला महिना झाला म्हणून
दादांना पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या होत्या.
मध्ये चार वेळा बसले. चौथ्यांदा बसले ते
काकडीवालीशी पालखेडच्या आवर्तनावर
वाद घालायलाच बसले.

वर आल्यावर लेण्यांकडे पाठ केली
आणि पूर्वेला तोंड करून उभे राहिले,
पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं राहिले तसे:
टाचा जुळवून, हातात नसलेली काठी उभी धरून.

अंबडची पत्र्याची छपरं, महामार्ग,
एकलहऱ्याच्या चिमण्या, मग धूसर,
मग त्या धूसराच्याही मागे काहीतरी,
ज्याला मी लहानपणी 'न संपणारं' म्हणायचे.

"संपत कसं नाही," दादा म्हणाले,
"निफाडच्या सपाटीला जाऊन उभी राहा.
तुझ्या डोळ्याच्या उंचीला साडेचार किलोमीटर.
पायी तास. त्यापुढं जमीन खाली जाते, झालं.
पहिल्या किलोमीटरला चार बोटं.
दोनला आठ नाही हं, सोळा.
गर्गेसाहेब वहीत तिची वजाबाकी करायचे."

चार बोटं.
भाकरी थापताना उमटतात तेवढी.
पंगतीत वाढणारी बाईही याहून जास्त वाकते.
इतक्या हळू वाकणाऱ्या गोष्टीची कड
कुणाच्या नजरेला लागणार?

मी एम. जी. रोडला चष्म्याच्या काचा घासते.
मला फक्त डोळ्याची बाजू ठाऊक.
जवळचं पाहायला डोळ्याला आतून आवळावं लागतं:
सुईत दोरा, पोराच्या केसातली लीख,
तांदळातला खडा.
लांबचं पाहताना तो काहीच करत नाही.
सहा मीटरपुढचं सगळं त्याला सारखं;
आमच्या धंद्यात त्यालाच अनंत म्हणतात.
दुकानाच्या पायरीपासून
समोरच्या रसवंतीच्या घुंगरांपर्यंत सहा मीटर.
तिथून अनंत सुरू.
तिथून पुढे डोळा पाय सोडून ओट्यावर बसतो
आणि त्याच्या त्या बसण्याला
आपण क्षितिज म्हणतो.

हे मी दादांना सांगितलं.
ते हसले नाहीत.

"मी तिथं जायचो ना.
साहेब दुर्बिणीपाशी, छत्रीखाली.
मी झेंडी घेऊन लांब, आणखी लांब,
त्यांचा आरसा चमकेपर्यंत.
जुन्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसतो.
सदतीस वर्षं मी
आभाळाला पाय लावून उभा होतो."

"तिथं काय असतं, दादा?"

"बाभळ. मुंगळे.
पाण्याची कळशी साहेबाच्या बाजूला.
आणि वळून पाहिलं की
साहेब कडेला, बोटभर, छत्रीसकट,
आणि त्यांच्या मागं
काहीच नाही."

मग त्यांनी एक डोळा मिटला, उघडला, दुसरा मिटला.
"डाव्यातून पिवळट दिसतं गं,
चुलीमागच्या भिंतीसारखं.
उजव्यातून निळं. खोटं वाटावं इतकं निळं.
सदतीस वर्षं कोणतं बघत होतो मी?"

वारा पाथर्डीकडून येत होता.
दुपारच्या थेंबांची वेळ झाली.
दादांनी बाटली डोळ्यापुढं धरली, लांब नेली,
हात संपला तरी अक्षरं लागेनात.
डॉक्टरांनी सांगितलंच होतं:
नवं भिंग लांबचं बसवलंय,
ते आता आवळणार नाही, सैलही होणार नाही.

म्हणजे हा माणूस
एकलहऱ्याच्या चिमण्यांचा धूर कुठं वळतोय ते सांगतो
आणि समोर वाकलेल्या मला विचारतो,
"टिकली लावलीस का आज?"

"लावलीय," मी म्हटलं. "वर बघा."
थेंब पडला. पापणीखाली
सगळा नाशिक जिल्हा एकदा हलला असेल.

उद्या त्यांचा नंबर घासायचा आहे. अडीच.
अनंताला काही लागत नाही.
हा चष्मा हातभर अंतरासाठी.